रीफ टँकसाठी स्वस्तात मॅग्नेशियम घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात बडोद्याच्या घरात हीटर बंदच असतो, उलट रीफ टँकवर, म्हणजे कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवर, दोन पंखे लावावे लागतात, त्यामुळे मॅग्नेशियम कमी पडलं की चुन्याचा पांढरा थर आधी हीटरवर दिसतो वगैरे जे सांगतात ते माझ्या लक्षातच आलं नाही. माझा रिटर्न पंप (पाणी परत टँकमध्ये ढकलणारा) घरघर करायला लागला, उघडला तर इंपेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यावर, चुन्याचा खडक. कॅल्शियम टाकलं की दोन दिवसांत खाली, बफर (अल्कलिनिटी वाढवणारी पावडर) टाकला की तोही खाली, आणि मी वेड्यासारखा अजून बफर टाकत राहिलो, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, ११ डीकेएचपर्यंत (हे तिचं माप) नेली. मग मॅग्नेशियमची टेस्ट केली, ११७० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम).

समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम साधारण १२८०-१३०० पीपीएम असतं. त्याचं मुख्य काम म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा खडा तयार व्हायला लागला की त्याच्या पृष्ठभागावर चिकटून त्याची वाढ अडवायची. ते कमी पडलं आणि वरून तुम्ही बफर ओतला की कॅल्शियम कोरलच्या सांगाड्यात जायच्याऐवजी पंपावर जाऊन बसतं. माझं तेच झालं.

पण पहिली चूक अजून पुढेच आहे. ११७० दिसल्यावर मी लगेच पाकीट शोधायला निघालो, सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, बघितलीच नाही. म्हणजे बघितली होती, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५, म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम मीठ, दाखवत होता, पण तो मी नेहमी आरओच्या पाण्यावर शून्य करून वापरायचो. एका मित्राने त्याचं ३५ वालं कॅलिब्रेशन फ्लुइड (यंत्र तपासायचं पाणी) दिलं तेव्हा कळलं की माझं पाणी खरं तर ३३ आहे. खारटपणा कमी म्हणजे त्यातलं सगळंच कमी. ३३ ला ११७० म्हणजे ३५ ला जवळपास १२४०. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रोज थोडं खारं पाणी बाहेर काढत होता आणि मी वरून नुसतं आरओ भरत होतो, एवढीच ती गोष्ट. चार-पाच दिवस टॉप-अपला आरओऐवजी मिठाचं पाणी भरलं आणि मॅग्नेशियमचा अर्ध्याहून जास्त खड्डा फुकटात भरला. यापेक्षा स्वस्त सप्लिमेंट मला तरी माहीत नाही.

आता उरलेल्या ५० पीपीएमचं बोलू. दुकानातली इंपोर्टेड बाटली घेऊ नका असं मी म्हणत नाही, छोट्या टँकला एक बाटली वर्षभर पुरते कारण मॅग्नेशियम कॅल्शियमच्या मानाने फार हळू संपतं. पण बाटलीत बहुतेक पाणीच असतं आणि त्या पाण्याचं परदेशातून यायचं भाडंही आपणच देतो. आणि आपण राहतो कुठे, गुजरातमध्ये! सुरेंद्रनगर जिल्ह्यात खाराघोड्याला रणातलं जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात, मीठ काढल्यावर जे कडू पाणी उरतं ते बिटर्न, आणि त्यातूनच मॅग्नेशियम क्लोराइड बनतं. म्हणजे माल शेजारचाच.

फक्त माल कुठला हे वाचता आलं पाहिजे, इथेच सगळे घसरतात. पिशवीवर 'मॅग्नेशियम क्लोराइड ४६-४७ टक्के' असं दिसलं की लोक म्हणतात अर्धा कचरा आहे. कचरा नाही हो, ते हेक्झाहायड्रेट आहे, प्रत्येक खड्यात पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात, निम्म्याहून जास्त वजन त्या पाण्याचंच. त्यात खरं मॅग्नेशियम १२ टक्के. तेच अ‍ॅनहायड्रस (बांधलेलं पाणी नसलेलं) मिळालं तर त्यात साडेपंचवीस टक्के, आणि हेक्झाहायड्रेटच्या हिशोबाने ते टाकलंत तर दुपटीहून जास्त गेलं म्हणून समजा. शिवाय पाण्यात टाकलं की ते चांगलंच तापतं, प्लास्टिकच्या पातळ मगमध्ये करू नका.

मकरपुरा जीआयडीसीच्या (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला एका केमिकलवाल्याकडे गेलो तर त्याने पहिलाच प्रश्न केला, "केटला किलो?" मी म्हटलं एक. तो हसला, २५ किलोची गोणीच येते म्हणाला. इंडस्ट्रियल माल तसाही घेऊ नये, फरशीच्या सिमेंटसाठी आणि रस्त्यावरची धूळ दाबायला चालतो तो टँकला चालेलच असं नाही. फूड ग्रेड मागा, टोफू जमवायला हेच वापरतात, किंवा फार्मा ग्रेड. ते घेतलं तरी आधी एक मूठ आरओमध्ये विरघळवून पांढऱ्या वाटीत रात्रभर ठेवा. पिवळसर रंग आला, तळाला गाळ बसला तर परत करा. आणि त्या पाण्याची अमोनिया टेस्ट घ्याच, मी सांगतोय म्हणून घ्या.

दुसरा स्वस्त पर्याय एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, खताच्या दुकानातही मिळतं, त्यात मॅग्नेशियम पावणेदहा टक्क्यांच्या आसपास. नुसत्या एप्समवर टँक चालवणं ही चूक फार जण करतात. १०० पीपीएम मॅग्नेशियम त्याने वाढवलंत तर सोबत जवळपास ४०० पीपीएम सल्फेट आत जातं, आणि समुद्रात मुळात सल्फेट २७०० असतं. एकदा केलं तर काही मरत नाही, पण दर महिन्याला करत राहिलात तर पाण्याचं गणितच बदलतं. क्लोराइड समुद्रात १९,००० च्या वर असल्यामुळे तिकडून वाढलेलं जाणवत नाही. म्हणून दहा भाग क्लोराइड हेक्झाहायड्रेट, एक भाग एप्सम, असं मिश्रण करतात. पायाच्या टबात टाकायचं लव्हेंडरवालं एप्सम नको, आणि मेडिकलमधल्या मॅग्नेशियमच्या गोळ्या तर अजिबात नको, ऑक्साइड नीट विरघळत नाही, सिट्रेट बॅक्टेरियांचं जेवण होतं, पाणी दुधाळ.

हिशोब सोपा आहे. माझा टँक ३ बाय दीड बाय दीड फूट, कागदावर १९० लिटर, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर खरं पाणी १५०. ५० पीपीएम वाढवायचे म्हणजे १५० गुणिले ५०, साडेसात हजार मिलिग्रॅम, साडेसात ग्रॅम मॅग्नेशियम. भागिले ०.१२, साडेबासष्ट ग्रॅम हेक्झाहायड्रेट. सॅलिनिटी न बघता मी १५० ग्रॅम काढून ठेवले होते!

एकदम ओतू नका. आरओमध्ये विरघळवा, दिवसाला ५० पीपीएमच्या वर नको, संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) जोराच्या प्रवाहात टाका. बफर त्याच वेळी नको, आणि एप्सम घातलेलं मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीत तर मिसळूच नका, आत जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचा गाळ) जमतं. ब्रायोप्सिस शेवाळं मारायला लोक मुद्दाम १६०० पर्यंत नेतात, पण मॅग्नेशियम क्लोराइडने शास्त्रज्ञ गोगलगायींना भूल देतात हे लक्षात असू द्या, तुमच्या टर्बो स्नेल (शेवाळं खाणाऱ्या गोगलगायी) काचेवरून पडायला लागल्या तर कारण तेच.

आणि पावसाळा. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी पितं, जुलैत पिशवी उघडी राहिली तर सकाळी चिखल, मग वजन करून काही उपयोग नाही कारण तुम्ही पाणीच मोजताय. अशा वेळी सगळंच विरघळवून ठेवा आणि डोस टेस्ट करत ठरवा. मी आता काचेच्या घट्ट बरणीत भरतो, पण दिसायला ते हुबेहूब खडेमीठ आणि आमच्या आईने कैरीच्या लोणच्यासाठी ती बरणी काढलीच होती, बोटावर घेऊन चाखलं म्हणून वाचलो, कडूजहर लागतं. तेव्हापासून बरणीवर 'माशांचं, लोणच्याचं नाही' अशी चिठ्ठी आहे, तिच्याच अक्षरात.