कथेतील पात्रांची नावे आणि कथेचे शीर्षक कसे ठरवावे

नावे ठरवणे हे लेखनाच्या शेवटी उरकून टाकायचे काम आहे, असे मानणारे लेखक पुष्कळ आहेत. वाचकाचा अनुभव मात्र नेमका उलटा असतो. कथेविषयी त्याला मिळणारी पहिली माहिती म्हणजे शीर्षक आणि पात्राविषयी मिळणारी पहिली माहिती म्हणजे बहुतेक वेळा त्याचे नाव. म्हणून कथानकाइतकाच विचार नावांवरही खर्च करावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वप्रथम पात्राचे नाव कोणी ठेवले असेल, याचा विचार करावा. शूर नायकाला विक्रम आणि सोशिक स्त्रीला शांता अशी स्वभावाला जुळणारी नावे देण्याचा मोह नवोदित लेखकांना हमखास होतो. पण नाव ठेवले जाते तेव्हा मूल पाळण्यात असते आणि त्याच्या स्वभावाचा कोणालाही पत्ता नसतो. नावातून दिसतात ते आईवडिलांचे वय, श्रद्धा, शिक्षण आणि अपेक्षा. भित्र्या मुलाचे नाव विक्रम असेल, तर वडिलांना त्याच्याकडून काय हवे होते हे एकाही जादा वाक्याशिवाय कळते आणि हाक मारली जाताच तो मुलगा का अवघडतो, हेही उमगते. त्यासाठी प्रत्येक प्रमुख पात्राचे जन्मवर्ष लिहून ठेवावे आणि त्या पिढीत व त्या घरात ते नाव शोभेल का, हे तपासावे.

त्यानंतर सर्व नावे एका कागदावर एकाखाली एक लिहावीत. सुधीर, सुनील आणि सुहास एकाच प्रसंगात बोलू लागले की वाचकाला मागची पाने उलटावी लागतात, कारण वाचताना नावाचे पहिले अक्षर आणि एकूण आकारच चटकन नजरेत भरतो. यांपैकी सुधीर तसाच ठेवून इतरांना मकरंद आणि जय म्हटले, तर आद्याक्षरे आणि लांबी दोन्ही वेगळी होतात आणि गोंधळ मिटतो. दोनदाच डोकावणाऱ्या पात्राला नाव न देता ‘शेजारीण’ किंवा ‘कारकून’ म्हटले तरी चालते.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे कोण कोणाला काय म्हणून हाक मारते हे ठरवणे. निवेदकाने एका पात्रासाठी शक्यतो एकच नाव वापरावे. संवादांत मात्र नात्यानुसार ते बदलू द्यावे, कारण एरवी लाडक्या नावाने बोलावणारी व्यक्ती अचानक पूर्ण नावाने बोलू लागली की दुरावा आपोआप जाणवतो. नाव लपवूनही बरेच साधते. डॅफ्ने दु मॉरिए यांच्या ‘रिबेका’ (१९३८) या कादंबरीत निवेदिकेचे स्वतःचे नाव वाचकाला कधीच कळत नाही, उलट तिच्या पतीच्या दिवंगत पहिल्या पत्नीचे नाव पानोपानी भेटते आणि मुखपृष्ठही तेच व्यापते. निवेदिकेला वाटणारा कमीपणा या एकाच निर्णयातून वाचकापर्यंत पोहोचतो.

शीर्षकाचा अंतिम निर्णय पहिला खर्डा पूर्ण झाल्यावरच घ्यावा, तोपर्यंत कामचलाऊ शीर्षक पुरते. खर्डा वाचताना पुन्हापुन्हा येणाऱ्या वस्तू, जागा आणि शब्दप्रयोग टिपून ठेवावेत. समजा, घराच्या वाटणीवरून दुरावलेल्या दोन भावांची कथा आहे. ‘विश्वासघात’ हे शीर्षक निष्कर्ष आधीच सांगून टाकते आणि ‘घराची वाटणी’ फक्त घटना नोंदवते. ‘सामाईक भिंत’ मात्र वाचनापूर्वी निव्वळ बांधकामाचा विषय वाटते आणि कथा संपल्यावर भावांच्या नात्याविषयी बोलू लागते. वाचण्यापूर्वीचा आणि वाचल्यानंतरचा अर्थ असा वेगळा होत असेल, तर शीर्षक योग्य आहे असे समजावे. जॉर्ज ऑर्वेल यांनी आपल्या कादंबरीसाठी ‘युरोपातील शेवटचा माणूस’ अशा अर्थाचे शीर्षक योजले होते. ती १९४९ मध्ये प्रकाशित झाली ती ‘१९८४’ या नावाने. पहिले शीर्षक नायकाचे वर्णन करते, तर दुसरे त्या काळच्या अनेक वाचकांना आपल्याच हयातीत येऊ शकणाऱ्या वर्षासमोर उभे करते, आणि म्हणून मला ते कितीतरी प्रभावी वाटते.

ठरलेले शीर्षक इंटरनेटवर आणि ग्रंथालयांच्या सूचीत शोधून पाहावे. अनेक देशांत केवळ शीर्षकाला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही. तरीही प्रसिद्ध पुस्तकाचेच नाव घेतले, तर आपले पुस्तक शोधणारा वाचक भलतीकडेच जातो. दुर्मीळ आडनाव आणि विशिष्ट व्यवसाय यांच्या जोडीतून एखादी खरी व्यक्ती ओळखली जात नाही ना, हेही पाहावे.

नाव उशिरा बदलल्यास संगणकाच्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीवर पूर्णपणे विसंबू नये. ‘हरी’च्या जागी ‘मोहन’ घालताना ‘शहरी’ या शब्दाचा ‘शमोहन’ होतो, आणि ‘हऱ्या’सारखी हाक तशीच मागे राहते, त्यामुळे बदलानंतर संपूर्ण हस्तलिखित एकदा डोळ्यांखालून घालावे.