मेटल संगीताच्या ट्रॅकमध्ये सॉफ्टवेअरचे सिंबल खरे कसे वाटतील?

आरतीच्या झांजांपैकी एक घ्या, दोरीनं लोंबती धरा आणि पेन्सिलीनं कडेवर एक टोला द्या. नाद विरायच्या आत दुसरा द्या. दुसरा टोला बोथट लागतो, कारण धातू आधीच थरथरत असतो आणि टोला त्या थरथरीत मुरतो. ड्रम सॉफ्टवेअरसाठी सॅम्पल, म्हणजे खऱ्या टोल्यांचे तुकडे, रेकॉर्ड करतात तेव्हा मात्र साधारणपणे प्रत्येक टोला सिंबल (ड्रमसेटची झांज) शांत झाल्यावरच घेतलेला असतो. त्यामुळे ओळीनं आठ क्रॅश (जोर द्यायला वाजवायच्या सिंबलचे टोले) लिहिले की आठही वेळा तीच कोरी, टोकदार सुरुवात ऐकू येते. मेटलमध्ये क्रॅश सतत वाजत असल्यानं हे सोंग लगेच उघडं पडतं. निकोटीन हा मेटल बँड २००६ मध्ये आपल्या इंदूरमध्येच उभा राहिला, पण इथल्या सुदामानगरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला खरा ड्रमसेट कोण वाजवू देणार? तेव्हा आहे त्या सॉफ्टवेअरमध्येच ही थरथर आणायची.

आधी सिंबल निवडा. दोन क्रॅश वेगळ्या मापांचे हवेत, डावीकडे १८ इंची आणि उजवीकडे १९ किंवा २० इंची. सोबत एक चायना (कड उलटी वळलेला, खरखरीत आवाजाचा सिंबल) आणि ठणठणीत बेलची, म्हणजे मधल्या घुमटीची, राइड (ताल धरायचा मोठा सिंबल). सिंबलच्या बी-२० मिश्रधातूत ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं, म्हणजे जवळपास आपलं कासंच. बर्तन बाजारात काशाची आणि पितळेची थाळी शेजारीशेजारी वाजवून बघितली की धातूनं काय फरक पडतो ते कानाला कळतं. बी-८ मध्ये कथील ८ टक्केच. त्याचा आवाज जास्त चिरका, पण जाड गिटारमधून वर येतो.

मग नोटांचा नकाशा, म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणता आवाज वाजतो ते, तपासा. जनरल मिडी या ठरलेल्या क्रमांकपद्धतीत ४९ आणि ५७ हे क्रॅश, ५१ राइड, ५३ तिची बेल, ५२ चायना, ४२ बंद हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी सिंबलची जोडी) आणि ४६ उघडी. कडेचा टोला, पृष्ठावरचा टोला, अर्धवट उघडी हाय-हॅट यांच्या जागा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या असतात. त्या शोधून कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळं काम त्यांच्यावरच आहे.

आता व्हेलॉसिटी, म्हणजे टोल्याचा जोर; तो जास्तीत जास्त १२७ असतो. सगळं १२७ वर ठेवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. तिथं बहुधा सॅम्पलचा एकच, सगळ्यात जोराचा थर वाजत राहतो, आणि तो सगळ्यात कर्कश असतो. सुटा, जोर द्यायचा क्रॅश ११० ते १२० वर ठेवा. सलग क्रॅशमध्ये पहिला ११५, पुढचे ९० ते १००, मात्रेच्या सुरुवातीला पुन्हा १०८. हाय-हॅटला १०८, ८२, १०४, ८५ अशी चाल द्या. एक जोराचा, एक हलका. त्यावर पाचेक अंकांचा आणि चारपाच मिलिसेकंदांचा फेरफार पुरे. वीसवीस अंकांचा केलात तर ड्रमर झोपेत वाजवतोय असं वाटेल.

थरथरीची खरी युक्ती पुढे आहे. त्याच क्रॅशची दुसरी प्रत लोड करा (सुपिरियर ड्रमर ३ या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक्स-ड्रम ही सोय आहे) आणि तिचा अटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, ८ मिलिसेकंदांवर न्या. पहिला टोला मूळ क्रॅशवर लिहा, दुसऱ्यापासून पुढचे सगळे या प्रतीवर. खालचा नाद चालू असताना नवा टोला हळूच त्यात शिरतो, पेन्सिलीच्या दुसऱ्या टोल्यासारखा. १५ मिलिसेकंदांच्या पुढे गेलात तर ताल मागे पडल्यासारखा वाटतो.

ड्रमरला हात दोनच, हे विसरू नका. क्रॅश आणि स्नेअर (काठीनं वाजवायचा तडतडीत ड्रम) एकत्र म्हणजे दोन्ही हात गुंतले; त्याच क्षणी हाय-हॅटवर काठी पडणं शक्य नाही. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) सोळांश नोट ८३ मिलिसेकंदांची असते. उजव्या टोकाच्या चायनावरून हात एवढ्या वेळात हाय-हॅटवर येत नाही, म्हणून चायनानंतरची ती एक नोट सरळ खोडा. ऐकणाऱ्याला ती नाही हे कळतही नाही, पण हात माणसाचा वाटतो. आणि क्रॅशखाली किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) किंवा स्नेअर असू द्या, नाहीतर तो पोकळ वाजतो.

गिटार थांबते तिथं क्रॅश हातानं दाबायचा असतो. नोट छोटी केली की आवाज थांबेल असं समजू नका. बहुतेक ड्रम सॉफ्टवेअर नोटची लांबी बघतच नाही. चोकची, म्हणजे सिंबल हातानं दाबण्याची, वेगळी नोट शोधून ती गिटारच्या शेवटच्या टोल्यावर ठेवा. उलट, क्रॅशची शेपूट न सांगताच तुटत असेल तर एका वेळी वाजणाऱ्या आवाजांची मर्यादा वाढवा.

मिक्सिंगमध्ये सिंबल बिघडतात ते बहुतेक वेळा रूम माइकमुळे, म्हणजे दूरवरून अख्ख्या खोलीचा आवाज घेणाऱ्या माइकमुळे. तो कॉम्प्रेस केला, म्हणजे मोठे आवाज दाबून बारीक वर आणले, की स्नेअर जाड होते, पण मागून सिंबलचा फेसही वर येतो. म्हणून आधी रूम माइकमध्ये शिरलेला सिंबलचा आवाज (ब्लीड) ६ डीबी खाली घ्या, मग कॉम्प्रेसर लावा. स्नेअर आणि टॉम जवळच्या माइकवरून पुरेसे येत असतील तर ओव्हरहेडला, म्हणजे ड्रमसेटच्या वर टांगलेल्या माइकला, ४०० हर्ट्झखाली कापा. ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये ईक्यूचा अरुंद उंचवटा फिरवा, शिट्टीसारखं टोचतं तिथं थांबा आणि ३ डीबी कमी करा. १० किलोहर्ट्झच्या वर वाढवण्याचा मोह आवरा.

मे महिन्यात कूलर चालू ठेवून सिंबलची पातळी ठरवू नका. त्याची सळसळ नेमकी सिंबलच्याच पट्ट्यात बसते, त्यामुळे सिंबल दबलेले वाटतात आणि त्यांचा फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) वर जातो. दहा मिनिटं कूलर बंद करून आवाज बारीक ठेवून ऐका. अशा वेळी स्नेअरच्या आधी उघडी हाय-हॅट कानावर आली, तर ती २ डीबी खाली आणा आणि मगच कूलर लावा.