पेंटिंग गॅलरीत लावायचंय? आधी हे बघा

सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं करा, गॅलरी दोन प्रकारच्या असतात. एक भाड्याची, म्हणजे जशी मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, 1952 पासूनची. तिथे अर्ज करायचा, कामाचे फोटो द्यायचे, निवड झाली की नंबर लागायची वाट बघायची आणि ती वाट वर्षांची असते बरं का, म्हणून अर्ज आजच टाका, चित्रं नंतर होतील! दुसरी प्रायव्हेट, ती भाडं घेत नाही पण विक्रीवर कमिशन कापते, तीस ते पन्नास टक्के सर्रास.

प्रायव्हेटवाल्यांकडे बगलेत कॅनव्हास मारून थेट जाऊ नका. आधी त्यांचे दोन-तीन शो बघा, तुमचं काम तिथे शोभतं का ते कळतं. मग एकाच धाटणीची दहा-बारा चित्रं मेल करा, प्रत्येकाखाली साइज, माध्यम, वर्ष. निसर्गचित्र, गणपती, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अशी भेळ नको.

चित्र देताना पावती घ्याच. मी एकदा ओळखीवर चार चित्रं ठेवून आलो, परत मिळाली तीनच, आणि एकाची फ्रेम कोपऱ्यात उखडलेली, भांडणार कशाच्या जोरावर? पावतीवर चित्राचं नाव, किंमत, कमिशन, पैसे किती दिवसांत, वाहतुकीत खराब झालं तर कोण भरणार, सगळं लिहून सही.

आणि किंमत सगळीकडे एकच ठेवा, इन्स्टावर स्वस्त विकलंत तर गॅलरीवाला पुन्हा दारात उभं करणार नाही.