शाळा मधूनच सुटली तर? घरचा परवलीचा शब्द

जुलैत मुसळधार पाऊस लागला की ठाण्यात शाळा कधीकधी मधूनच सोडावी लागते. आई-बाबा लोकलमध्ये अडकलेले, आणि न्यायला जातात शेजारच्या काकू किंवा भलतेच रिक्षाकाका. पहिलीतल्या मुलाने कोणाबरोबर जायचं?

आम्ही यासाठी एक परवलीचा शब्द ठरवलाय.

१. शब्द मुलालाच निवडू द्या. टोपणनाव नको, ते अख्ख्या सोसायटीला ठाऊक असतं. आमच्या लेकीने आधी ‘कोथिंबीरवडी’ निवडला होता.

२. न्यायला जाणाऱ्याला तो फोनवर सांगा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका.

३. शब्द मुलाने विचारायचा, स्वतः सांगायचा नाही. मुलं नेमकी इथेच चुकतात. ‘‘कोथिंबीरवडी ना?’’ असं विचारून मोकळी होतात! म्हणून रविवारी घरीच नाटक करून बघा. आजोबांना अनोळखी माणूस करा, त्यांना खाऊचं आमिष दाखवू द्या, ‘‘आईनेच पाठवलंय’’ म्हणू द्या. आमच्या लेकीला चौथ्या वेळी जमलं.

४. शब्द चुकला तर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, सरळ बाईंकडे परत जायचं.

वर्गशिक्षिकेला हे सांगून ठेवा, आणि कोण न्यायला येतंय ते त्या दिवशी शाळेलाही कळवा. नुसत्या शब्दावर विसंबू नका. दप्तराच्या आतल्या कप्प्यात तुमचा नंबर आणि मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन 1098 लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

शब्द एकदा वापरला की त्याच संध्याकाळी बदला.