सरमिसळ वाचत असाल तर टिपणं पुस्तकवार ठेवू नका

कादंबरी चालू असताना मधेच आत्मचरित्र, मग कविता, मग कुणीतरी हातात दिलेलं विज्ञानाचं काहीतरी, असं वाचणाऱ्यांना (मी त्यातलाच) नेहमी एकच सल्ला मिळतो की पुस्तकाचं नाव लिहा, सारांश लिहा, पाचपैकी स्टार द्या. सारांश मागच्या कव्हरवर असतोच की! आणि स्टारचं म्हणाल तर मर्ढेकरांच्या कविता आणि कार्व्हरचं चरित्र दोन्हीला चार-चार दिले, पुढे काय? काहीच कळत नाही त्यातून.

त्यापेक्षा हे करून बघा. एक जाड वही घ्या, पानांना स्वतः नंबर टाका, शेवटची आठ-दहा पानं कोरी सोडा, तिथे सूची येणार आहे. वाचताना जे अडकलं, खटकलं, आवडलं ते एका नोंदीत एकच गोष्ट असं लिहायचं, पुढे पुस्तकाचं नाव आणि जागा. ई-बुक असेल तर पान नंबर लिहू नका, फॉन्ट बदलला की तो बहुतेक ठिकाणी बदलतो, प्रकरण लिहा. मग नोंदीला एक शब्द द्यायचा आणि तो शब्द वहीच्या पान नंबरासकट मागच्या सूचीत टाकायचा. ही काही नवी आयडिया नाही, जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात अशा वहीची सूची करायची पद्धत छापली होती, शब्दाचं पहिलं अक्षर आणि पहिला स्वर बघून. आपल्याला एवढं काटेकोर व्हायची गरज नाही.

खरी मेख शब्द निवडण्यात आहे. 'प्रेम', 'समाज', 'जीवन' असले शब्द नकोत, त्यात सगळंच मावतं आणि मग काहीच सापडत नाही. 'दुष्काळ', 'बोट', 'पत्र', 'मास्तर' असे हाताला लागणारे शब्द घ्या.

याचा फायदा काय ते सांगतो. माझ्या सूचीत 'जमीन' या शब्दाखाली 'बनगरवाडी' (1955) आणि 'एक होता कार्व्हर' (1981) शेजारी येऊन बसली. एकात धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, शाळा चालते, तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळ वाडीच रिकामी करतो. दुसऱ्यात वर्षानुवर्षं कापूस घेऊन थकलेली अलाबामातली जमीन आणि तिथल्या शेतकऱ्यांना भुईमूग लावा, रताळी लावा म्हणून सांगणारा माणूस. ही दोन पुस्तकं एकत्र वाचा असं कुणी सांगणार नाही, पण शेजारी आली की प्रश्न पडतोच, की थकलेल्या जमिनीचं माणूस काहीतरी करू शकतो, न पडणाऱ्या पावसाचं काय करणार? असा प्रश्न पडला की तीसुद्धा एक नवी नोंद, लगेच लिहून टाका.

'प्रवास' खाली तर जास्त मजा आली. गोडसे भटजी दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले, लिहिलं मात्र बऱ्याच वर्षांनी, आणि 'माझा प्रवास' छापून आलं 1907 मध्ये, तेही संपादकाचा हात फिरून. उलट विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' मध्ये युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून सुटलेले ज्यू, आणि कादंबरी आली 1939 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी युद्ध सुरू झालं त्याच वर्षी! भटजींना लिहिताना शेवट माहीत होता, बेडेकरांना पुढे काय होणार ते माहीत असणं शक्यच नव्हतं. म्हणून आठवणी, प्रवास, आत्मचरित्र यांच्या नोंदीत तीन गोष्टी टाकाच: घडलं केव्हा, लिहिलं केव्हा, छापलं केव्हा. शिवाय सांगतंय कोण तेही बघा, 'बलुतं' मध्ये दगडू पवार आपली गोष्ट लेखक दया पवारांना सांगतो, आणि दोघं एकच. ही युक्ती सोडून नुसती हकिगत उतरवली तर अर्धं पुस्तक हातातून गेलं.

कवितेचं वेगळं. सारांश काढूच नका प्लीज. ओळ जशीच्या तशी उतरवा, अवतरणचिन्हात, आणि खाली कुठे अडलात ते. एका बैठकीत अख्खा संग्रह संपवला तर नोंद होत नाही, निदान माझी तरी नाही.

लिहायचं कधी? वाचताना फक्त पेन्सिलची खूण, लिहायचं दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटून, आणि मग उघडून ताडून बघायचं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्यानं होतं. त्यानं निरर्थक अक्षरं पाठ केली होती, कादंबऱ्या नव्हे, त्यामुळे फार ताणू नका, पण आठवडाभर थांबलात तर नावंसुद्धा जातात एवढं नक्की. आपलं मत असेल तिथे 'माझं' असं लिहून वेगळं ठेवा, नाहीतर वर्षभरानं लेखकाचं वाक्य आपलंच वाटायला लागतं.

अर्धवट सोडलेली पुस्तकंही वहीत हवीत. कुठे सोडलं आणि का, दोन ओळी पुरेत. 'कंटाळा' हे कारण चालणार नाही, कशाचा ते लिहा: भाषेचा, पाल्हाळाचा, की लेखक सारखा आपल्यालाच शिकवतोय याचा.