बिल्डचं टायमिंग लपवताय? या चुका टाळा

स्टारक्राफ्ट २ मध्ये तुमचं डार्क श्राइन (अदृश्य लढवय्ये, म्हणजे डार्क टेम्पलर, काढायला लागणारी इमारत) नकाशाच्या कोपऱ्यात बांधलेलं. समोरच्याचा स्काउट, म्हणजे टेहळ्या, बेसमध्ये येऊन गेला, त्याला ते दिसलं नाही. चार डार्क टेम्पलर घेऊन तुम्ही निघता, आणि त्याच्या प्रत्येक बेसवर अदृश्य शत्रू टिपणारे मिसाइल टरेट आधीच उभे! मग चॅटमध्ये मॅपहॅकचा (लपलेला नकाशा चोरून पाहण्याचा) आरोप होतो. बहुतेक वेळा हॅक वगैरे काही नसतो. त्याने इमारत पाहिलेली नसते, हिशेब पाहिलेला असतो.

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळांत बिल्ड म्हणजे काय, कोणत्या क्रमाने आणि कधी बांधायचं याचा बेत. त्यात फसवायचं असतं ते ‘काय येणार’ यापेक्षा ‘कधी येणार’ याबद्दल. स्टारक्राफ्ट २ मध्ये प्रोटॉस, टेरन आणि झर्ग असे तीन पक्ष असतात. प्रोटॉस काय काय करू शकतो, हे जरा मुरलेल्या टेरन खेळाडूला पाठच असतं. त्याला हवी असते फक्त वेळ. बचावावर खर्च करायचा तो अगदी शेवटच्या क्षणी, तोवर सगळा पैसा वर्कर (कमाई करणारे कामगार) आणि नवीन बेसवर, असा त्याचा खेळ असतो. तो शेवटचा क्षण त्याने वीस सेकंदांनी चुकीचा धरला, की तुमचं काम झालं. पण त्याने तो चुकीचा धरावा यासाठी तुम्ही जे करता, त्यातच बऱ्याच गफलती होतात.

समोरच्याने नेमकं काय चुकावं, हेच न ठरवणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टायमिंगबद्दलचं खोटं दोनच दिशांनी सांगता येतं. तुम्ही लवकर येणार असाल तर निवांत असल्याचं दाखवायचं, म्हणजे समोरचा हावरटपणा करतो, बचाव टाळून तिसरा बेस टाकतो. उलट तुम्हालाच निवांतपणे वर्कर वाढवायचे असतील तर अंगावर येणार असल्याचं दाखवायचं, म्हणजे तो बंकरवर पैसे घालतो आणि घराबाहेर पडत नाही.

नवखे खेळाडू या दोन्हींची सरमिसळ करतात. हल्ला खरोखरच लवकर करायचा असतो, आणि तरी ‘गोंधळ उडवायला’ म्हणून दोन झर्गलिंग किंवा एक रीपर (सुरुवातीचे चपळ सैनिक) समोरच्याच्या दारात नाचवत राहतात. गोंधळ काही उडत नाही. तो सावध होतो, एक बंकर जास्तीचा बांधतो, आणि तुमचा हल्ला त्याच बंकरवर आपटून संपतो.

हूल देण्याआधी मनाशी एक वाक्य पूर्ण करून बघा: त्याने अमुक वेळेपर्यंत अमुक गोष्ट बांधू नये, किंवा बांधावी. ते पूर्ण होत नसेल तर हूल देऊच नका, सरळ खेळा. सरळ खेळण्यात काही कमीपणा नाही.

गॅसचा हिशेब उघडा ठेवणं

इमारत लपवता येते, गॅस लपवता येत नाही. मिनरल आणि गॅस ही इथली दोन चलनं, त्यातला गॅस गीझरमधून काढायचा. स्टारक्राफ्ट २ मध्ये प्रत्येक गीझरमध्ये सुरुवातीला २,२५० गॅस असतो. समोरच्याचा स्काउट तुमच्या गीझरवरच्या इमारतीवर, म्हणजे असिमिलेटरवर किंवा रिफायनरीवर, नुसता क्लिक करून किती शिल्लक आहे ते वाचू शकतो. वजाबाकी केली की आतापर्यंत किती काढला ते कळलं. मग तो तुमच्या बेसमध्ये दिसणाऱ्या गोष्टींची बेरीज करतो, आणि दोन आकडे जुळले नाहीत की पाणी कुठे मुरतंय ते त्याला शोधावंसुद्धा लागत नाही.

वरच्याच उदाहरणाचा हिशेब मांडू. आकडे पॅचनुसार थोडे हलतात, पद्धत तीच राहते. वॉर्पगेटच्या (सैन्य थेट नकाशावर उतरवायची सोय) संशोधनाला ५० गॅस, श्राइनच्या आधी लागणाऱ्या ट्वायलाइट काउन्सिलला १००, डार्क श्राइनला १५०, आणि चार डार्क टेम्पलरना प्रत्येकी १२५ प्रमाणे ५००. एकूण ८००. तीन वर्कर लावलेल्या एका गीझरमधून मिनिटाला साधारण १६० गॅस निघतो, म्हणजे दोन गीझर अडीच मिनिटं भरधाव चालले तर ही रक्कम जमते. आता स्काउटला दोन गीझरमधून ६०० गेलेला दिसला आणि बेसमध्ये फक्त दोन स्टॉकर आणि एक सेंट्री एवढेच सैनिक, म्हणजे २०० चा माल. वॉर्पगेटचे ५० धरले तरी ३५० चा पत्ता नाही. टरेट कधी बांधायचे हे त्याला तिथेच समजलं.

यावर इलाज आहे, पण फुकटचा नाही. गॅसचा खप पटेल अशी एखादी गोष्ट स्काउटच्या डोळ्यांपुढे ठेवावी लागते. ट्वायलाइट काउन्सिल उघड्यावर बांधा आणि त्यात ब्लिंकचं (स्टॉकरना छोटी उडी घेऊ देणारं) संशोधन सुरू करा. समोरच्याला वाटतं, गॅस ब्लिंकला गेला, म्हणजे स्टॉकर येणार आणि त्यांना जमायला वेळ लागणार. स्काउट गेला की संशोधन रद्द करा. संशोधन रद्द केल्यावर पूर्ण पैसे परत मिळतात, पण मधल्या काळात ते अडकून पडतात. डार्क श्राइनसाठी १५० गॅस हवा असतानाच तो ब्लिंकमध्ये अडकला, तर तुम्ही स्वतःलाच उशीर करून घेतलात. म्हणून श्राइन आधी, ब्लिंकचं नाटक नंतर.

झर्ग खेळाडूंची वेगळीच खोड असते. पहिला १०० गॅस झर्गलिंगच्या वेगासाठी काढायचा आणि वर्कर गॅसवरून उठवायचे, ही नेहमीची चाल. हे उठवणं समोरच्याला दिसलं की त्याला हायसं वाटतं, कारण पुढे बराच वेळ गॅस लागणारे रोच किंवा बेनलिंग येणार नाहीत असा त्याचा अर्थ होतो. म्हणून काहीजण मुद्दाम वर्कर उठवून दाखवतात आणि स्काउट निघताच परत बसवतात. कल्पना झकास आहे. पण तोच स्काउट अर्ध्या मिनिटाने परत आला आणि त्याने गीझरवर क्लिक केलं तर सगळं उघडं पडतं. त्याला परत येऊ न देणं हा या हुलीचाच भाग धरा. नाकाबंदीला दोन झर्गलिंग पुरतात.

काहीच न दाखवणं

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. इथे ती मूठच चुगली करते. नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी जे दिसायला हवं ते दिसलं नाही, तर शहाणा खेळाडू सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतो. बेसमध्ये एकच गेटवे (प्रोटॉसची सैन्य काढायची इमारत) आणि दुसरा बेस नाही, म्हणजे उरलेले गेटवे कुठेतरी त्याच्या घराजवळ आहेत. एवढं कळल्यावर तो वर्कर पाठवून आजूबाजूचे कोपरे धुंडाळतो आणि तुमचा पायलॉन (प्रोटॉस इमारतींना वीज पुरवणारा खांब) शोधून काढतो.

त्याला रिकामा बेस दाखवू नका, नेहमीचा पण थोडा मागे पडलेला बेस दाखवा. निष्काळजीपणे खेळणाऱ्याचा बेस कसा दिसेल तसा. हल्ला करायचा असेल तरी दुसरा नेक्सस (बेसची मुख्य इमारत) टाका, तो वेळेवर पडला की त्याचा अर्थ निवांतपणा असाच लावला जातो. इमारत पुरी होण्याआधी रद्द केली तर स्टारक्राफ्ट २ मध्ये तीन चतुर्थांश पैसे परत मिळतात. नेक्सस ४०० मिनरलचा, म्हणजे हे खोटं तुम्हाला १०० ला पडलं. शिवाय तेवढा वेळ ४०० मिनरल अडकले ते वेगळंच, आणि लवकरच्या हल्ल्यात हा दुसरा खर्चच जास्त टोचतो.

क्रोनो बूस्टही (एखाद्या इमारतीचं काम वेगाने उरकवणारी नेक्ससची शक्ती) विसरू नका. तो कशावर चालू आहे हे समोरच्याला दिसतं. नेक्ससवर असेल तर वर्कर, गेटवेवर असेल तर सैन्य, सायबरनेटिक्स कोअरवर असेल तर वॉर्पगेटची घाई. निवांतपणाचं सोंग घेऊन गेटवेवर क्रोनो लावलेला बेस मी इतरांच्या रिप्लेंमध्ये पुष्कळ पाहिला आहे.

बांधकामाची अवस्था उघडी पडणं

अर्धवट इमारतीचे हेल्थ पॉइंट बांधकामाबरोबर वाढत जातात. त्यावरून ती कधी सुरू झाली हे मागे मोजता येतं. प्रोटॉस आणि झर्गच्या इमारती आपोआप पुऱ्या होतात, तिथे काही हातात नसतं. टेरनला मात्र एससीव्ही (त्याचा वर्कर) बाजूला काढून काम थांबवता येतं. स्काउट समोर असताना बॅरक्स अर्ध्यावर रखडवली तर तो तुमचा पहिला मरीन उशिराने धरतो. चूक अशी होते, की स्काउट गेल्यावर एससीव्हीला परत कामाला लावायचं राहून जातं! हसू नका, असं होतं.

टेरनकडे याहून चांगला मार्ग आहे. टेक लॅब आणि रिअॅक्टर हे जोड-भाग इमारतीला नाही, जागेला चिकटलेले असतात. फॅक्टरीने रिअॅक्टर बांधायचा, मग फॅक्टरी उडवून तिथे स्टारपोर्ट बसवायचा. फॅक्टरीला रिअॅक्टर लागताना पाहिलेला स्काउट हेलियन (फॅक्टरीतून निघणाऱ्या गाड्या) येणार असं धरून जातो. ही अदलाबदल नेहमीच्या खेळात तशीही केली जाते, त्यामुळे हे सोंग जवळपास फुकट पडतं.

कुणीही न पाहिलेलं नाटक

स्काउट आलाच नाही आणि तुम्ही नेक्सस रद्द करताय, ब्लिंक सुरू करून थांबवताय, वर्कर उठवताय. हे स्वतःचंच नुकसान आहे. हूल स्काउटला दाखवायची असते, घड्याळाला नाही. खालच्या लीगमध्ये तर समोरचा बऱ्याचदा पहिल्या पायलॉननंतर स्काउटच पाठवत नाही. अशा खेळाडूला टायमिंगबद्दल फसवता येत नाही, कारण त्याने काही अंदाजच बांधलेला नसतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे स्काउटला फार लवकर मारणं. त्याने हवं ते पाहून झाल्यावर मारा, आधी मारू नका. निवांत बेस पाहून मेलेला स्काउट समोरच्याला निवांत ठेवतो. काहीच न पाहता मेला तर टेरन ५० ऊर्जा खर्चून स्कॅन (नकाशाचा एक तुकडा थोडा वेळ उघडा करणारी सोय) टाकणार, आणि तो कुठे पडेल हे तुमच्या हातात नाही. स्कॅनपायी त्याचा एक म्यूल (तेवढ्याच ऊर्जेत मिळणारा तात्पुरता खाणकामगार) गेला याचं समाधान मानायचं असेल तर माना.

सगळे खेळ एकसारखे समजणं

एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये वरच्यातलं बरंच काही चालत नाही. तुम्ही पुढच्या युगात, म्हणजे फ्युडल किंवा कॅसल एजमध्ये, गेलात की खेळ स्वतःच सगळ्यांना सांगतो. फ्युडलचं संशोधन १३० सेकंदांचं, कॅसलचं १६०, त्यामुळे तुम्ही ते कधी सुरू केलं हेही मागे मोजता येतं. स्कोअर उघड असतो आणि त्यात साठाही धरलेला असतो, म्हणून मोठी रक्कम एकदम खर्च झाली की तो खाली सरकतो. एज बदलायचं बटण दाबताच समोरच्या जाणत्या खेळाडूला सुगावा लागतो. तेव्हा एजची वेळ लपवण्यात डोकं घालू नका. त्या वेळी तुमच्याकडे कोणतं सैन्य किती असेल, तिथे खोटं बोला. कॅसल एजसाठी फ्युडलमधल्या दोन इमारती लागतातच. त्यातला स्टेबल स्काउटला सहज दिसेल असा पुढे टाका आणि आर्चरी रेंज मागे झाडांत. पुढच्या स्टेबलमुळे तो घोडेस्वारांसाठी भालाईत काढून बसला की तुमच्या धनुर्धरांचं काम सोपं होतं.

मालिकेत तीच हूल, किंवा उगाच नवी हूल

एकाच समोरच्याशी तीन किंवा पाच सामने असतील तर प्रत्येक सामना पुढच्याचा स्काउट असतो. नेक्सस रद्द करण्याचं सोंग पहिल्या सामन्यात वापरलंत तर तिसऱ्यात तुमच्या खऱ्या नेक्ससवरही विश्वास बसत नाही. कधीकधी हेच हवं असतं.

२००४ च्या एव्हर ओएसएल या कोरियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लिम यो-ह्वान, म्हणजे बॉक्सर, याने हाँग जिन-होविरुद्ध स्टारक्राफ्टच्या लागोपाठ तिन्ही सामन्यांत बंकर रश (समोरच्याच्या दारातच बंकर बांधून लवकर हल्ला) केला आणि ३-० ने जिंकला. तिथे लपवलेली इमारत नव्हती, रद्द केलेलं बांधकाम नव्हतं. ‘आता तरी हा काही वेगळं करेल’ हा अंदाज तेवढा चुकीचा ठरला. वाहवत जाऊ नका, तो बॉक्सर होता. पण दर सामन्यात नवं सोंग हवंच असं नाही, एवढं त्यातून घ्या.

नेमकं कुठे फुटलं, हे न शोधणं

हूल फसली की लोक बिल्ड बदलतात. आधी रिप्ले उघडा आणि समोरच्याच्या नजरेने पाहा. स्टारक्राफ्ट २ मध्ये फक्त त्याला दिसत होतं तेवढाच नकाशा दाखवायची सोय आहे, त्याचा कॅमेराही पाहता येतो. त्याने बचावाची पहिली इमारत टाकली तो क्षण पकडा आणि तिथून मागे जा. त्याच्या स्काउटने शेवटचं काय निवडलं होतं? असिमिलेटर निवडला असेल तर गॅसने घात केला. तसं काहीच सापडलं नाही आणि तो दर सामन्यात त्याच मिनिटाला टरेट टाकत असेल, तर तुमची हूल फसलेलीच नाही, तो त्याची ठरलेली बिल्ड खेळतोय. अशा माणसासमोर टरेटच्या आधी पोहोचा, नाहीतर टरेटला न जुमानणारं काहीतरी न्या.

पकडलं गेल्यावरही हट्ट धरणं

डार्क श्राइन पूर्ण होतंय आणि तुमच्या ऑब्झर्व्हरला (अदृश्य टेहळ्याला) समोर इंजिनिअरिंग बे आणि चार टरेट दिसले. बे १२५ मिनरलचा, टरेट प्रत्येकी १००, म्हणजे त्याने ५२५ मिनरल खर्चले. श्राइनला तुमचे १५० मिनरल आणि १५० गॅस गेले. ठरलंय म्हणून चार डार्क टेम्पलर काढून त्या टरेटवर पाठवलेत तर हा हिशेब उलटा होतो. दोनच काढा आणि त्याच्या रस्त्यावर उभे करा, म्हणजे सैन्य बाहेर काढायला त्याला अदृश्य शत्रू टिपणारं रेव्हन किंवा स्कॅन लागेल. मागे तिसरा नेक्सस टाका. नंतर त्या दोघांना एकत्र केलं की एक आर्कॉन (नवा लढवय्या) होतो, तो पुढच्या लढाईत उपयोगी पडतो.