एपी-२ कमी केल्यावर रिसेप्टर आत जातो का, हे कसं बघायचं

प्रोजेक्टला येणारी मुलं आधी ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) दाखवतात: गाठीत अमुक अडॅप्टर प्रथिन वाढलंय, म्हणून कर्करोगात त्याचा हात आहे. एवढ्यावर मी कधीच हो म्हणत नाही. एपी-२ हा असाच एक अडॅप्टर. त्याचं काम पेशीच्या पडद्यावरचे रिसेप्टर (बाहेरचे रेणू पकडणारी प्रथिनं) हेरून क्लॅथ्रिनच्या, म्हणजे पडदा आत वळवणाऱ्या प्रथिनाच्या, खळग्यात गोळा करायचं; तिथून ते पेशीच्या आत जातात. ते काम थांबलं का, हे डोळ्यांनी बघा.

कव्हरस्लिपवर हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) लावा. एपी-२ च्या म्यू-२ उपघटकाविरुद्धचा एसआय-आरएनए (ते प्रथिन नव्याने बनू न देणारा छोटा आरएनए) द्या, शेजारी कंट्रोल ठेवा आणि तीन दिवस थांबा. आधीचं प्रथिन झिजायला तेवढा वेळ लागतो. किती उरलंय याची ब्लॉटवर खात्री करा. मग अर्धा तास सीरमविना मीडियम.

आता सगळं बर्फावर. चमकणारं ट्रान्सफेरिन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन) मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम, अर्धा तास. थंडीत ते रिसेप्टरला चिकटतं, पण आत जात नाही. माझा पहिला प्रयोग इथेच फसला: धुण्याचं बफर टेबलावरच राहिलं होतं आणि शून्य मिनिटाच्या, म्हणजे अजून गरम न केलेल्या, पेशीतही ठिपके दिसले. तेव्हापासून बफरची बाटली आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये जाते.

धुऊन ३७ अंशांच्या मीडियममध्ये दहा मिनिटं, पुन्हा बर्फ. बाहेर उरलेलं ट्रान्सफेरिन काढायला नुसता आम्लाचा वॉश पुरत नाही. आम्लात लोह सुटतं, प्रथिन मात्र रिसेप्टरला धरूनच बसतं. त्यानंतर पीएच ७.४ च्या थंड बफरने धुतलं की मगच ते सुटतं. शून्य मिनिटाची स्लिप काळी दिसली तर वॉश जमला. मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, आणि मायक्रोस्कोप.

कंट्रोलमध्ये केंद्रकाजवळ ठिपक्यांची दाटी दिसेल. एपी-२ कमी असलेल्या पेशी जवळजवळ रिकाम्या.

यावरून लगेच ईजीएफआरबद्दल (पेशीला वाढायला सांगणाऱ्या ईजीएफच्या रिसेप्टरबद्दल) बोलू नका. २००३ मध्ये हेला पेशींवरच दिसलं की एपी-२ घटवल्यावर ट्रान्सफेरिन अडतं, ईजीएफचं आत जाणं मात्र बरंचसं टिकतं. त्यामुळे चमकणारं ईजीएफ घेऊन प्रयोग वेगळा करा.

अडॅप्टर नंब नावाचा असेल तर आणखी जपून. तो एपी-२ ला जोडला जातो, स्तनाच्या अनेक गाठींत तो हरवलेला असतो. पण २००८ मध्ये कळलं की तो पेशींची वाढ रोखणाऱ्या पी५३ प्रथिनाला नष्ट होण्यापासूनही वाचवतो. म्हणून नंब काढलेल्या पेशी भराभर वाढल्या तर त्याच लायसेटचा (फोडलेल्या पेशींच्या अर्काचा) पी५३ चा ब्लॉट लावा, आणि तो बघितल्याशिवाय ‘एंडोसायटोसिस (रिसेप्टर आत घेणं) बिघडल्यामुळे’ असं लिहू नका.